ज्वारीवर ज्वारी

आपण नेमके कोण आहोत, हा प्रश्न प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी मुळापासून हादरवतो. रविंद्र रामजी खिल्लारे याला तो हिंगोलीच्या बसस्टँडमागच्या पिठाच्या गिरणीत पडला. हातात ज्वारीचा डबा होता, नाकावर रुमाल होता, आणि प्रश्न नीट पडायच्या आतच त्याला लागोपाठ शिंका आल्या, त्यामुळे तो तेवढ्यापुरता बाजूला राहिला. हिंगोलीचा जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या होत्या, पाट्यांवरची धूळ परभणी जिल्ह्यातलीच होती. रविंद्र भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होता. म्हणजे लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून देणं आणि मग बांधाच्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणं, हे त्याचं सरकारी काम. कुणाची जमीन कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते हे तो पत्र्यावर कोरल्यासारखं सांगू शकत असे. गिरणीत मात्र हद्द वेगळ्या पद्धतीनं चालते. तिथं आलेलं प्रत्येक माणूस डबा ठेवण्याआधी विचारतं, "कशावर चालू हाय?" कारण एकाचं दळण झालं तरी दोन दगडांमध्ये त्याचं थोडं पीठ उरतंच, आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून गहू गव्हावर, ज्वारी ज्वारीवर, आणि हरभरा सगळ्यांच्या शेवटी. गृहिणींना यात पोळीच्या मऊपणाची काळजी असते. रविंद्रला जिवाची होती, पण हे तो कुणाला सांगत नसे.

"गव्हावर चालू हाय साहेब," गोपीचंद गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवत ओरडला. त्याच्या भुवया, मिशा, कानांतले केस सगळं पांढरं होतं. वयाचा खरा आकडा रात्री आंघोळीनंतरच उघड होत असावा. "थांबा जरा. ह्या दोघींची जवारी हाय. त्यांच्यावर तुमचं टाकतो."

रविंद्र दाराबाहेरून, रुमालातून म्हणाला, "नुसतं ज्वारीवर नको. आधी माझीच मूठभर घाला, दगड साफ होऊ द्या. ते पीठ बाजूला काढा. मग माझं टाका."

"बाजूला काढून काय करू त्याचं?"

"टाका की कोंबड्यांना."

ओळीत बसलेल्या चंदाबाईनं आपला डबा मांडीवरून खाली ठेवला. मोंढ्यासमोर भाजी विकणारी ही बाई सगळ्यांशीच सारखी बोलत असे, त्यात भेदभाव नव्हता. "आगं बाई!" ती म्हणाली. "लईच सोवळं पाळून राहिले की साहेब! नाकाला रुमाल काय, दगड धुनं काय. आमच्या पिठाचा इटाळ व्हतो व्हय तुमाला?"

बायका हसल्या. गोपीचंद हसला, तेव्हा त्याच्या मिशीतून थोडं पीठ पडलं. रविंद्रही हसला, कारण अशा वेळी हसायचं असतं. आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आत्ता आपण जी वाक्यं बोललो ती आपली नव्हती. दगड साफ होऊ द्या. बाजूला काढा. कोंबड्यांना टाका. ती त्यानं कुठंतरी ऐकली होती, आणि ऐकताना तो ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता.

डोंगरकडा गावाकडचं त्याचं खेडं, आणि गावाबाहेरची इंजिनावर चालणारी गिरणी. इंजिनाच्या नळकांड्यावर उलटा डबा बसवलेला असायचा आणि त्यातून येणारा कुक-कुक आवाज शिवारभर जायचा. तो आवाज आला की त्याचा बाप रामजी ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघायचा, मागं लहानगा रवी. जाऊन लिंबाखाली बसायचं. गावातले लोक यायचे, दळून न्यायचे, मागून आलेले आधी जायचे. उन्हं कलली, गिरणीसमोर कुणी उरलं नाही, की गिरणीवाला दारात येऊन म्हणायचा, "हां रामजी, आता तुमचं टाका." आवाजात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता, उलट थोडी आपुलकीच होती, कारण आता त्याचीही घरी जायची वेळ झालेली असायची. ती नुसती पद्धत होती. रामजीच्या ज्वारीवर कुणाची ज्वारी पडू नये म्हणून ती शेवटी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाला आपल्या पदरची मूठभर ज्वारी आधी घालायचा, दगड साफ करायचा, आणि ते पीठ बाजूला काढून कोंबड्यांना टाकायचा. रवी शाळेत जाताना हे बघायचा. त्याला त्यात अपमान कधी दिसला नाही. त्याला फक्त वाटायचं, ह्या कोंबड्यांचं नशीब मोठं आहे, आपल्यामुळे रोज सकाळी ताजं पीठ खातात. अपमान त्याला फार नंतर, औरंगाबादला कॉलेजात असताना, एका व्याख्यानात समजला. तोपर्यंत त्या कोंबड्या केव्हाच मेलेल्या होत्या, बहुधा आयुष्य पुरं करून नव्हे. आणि आता, चाळिशी ओलांडून बरीच वर्षं झाल्यावर, सरकारी नोकरीत, पायात बूट असताना, तो स्वतः दुसऱ्या एका गिरणीच्या दारात उभा राहून म्हणत होता की माझ्या पिठाला इतरांचं पीठ लागू देऊ नका. गोपीचंदनं मूठभर ज्वारी घातली, दगड खरखरले, कापडी नळीतून थोडं पीठ कागदावर पडलं. रविंद्रनं त्या कागदाकडे बघितलं आणि नाकावरचा रुमाल आणखी घट्ट धरला.

कारण एवढंच होतं की रविंद्रला गहू चालत नव्हता. 'चालत नाही' हा शब्दही किती घाण, त्याला वाटे. ज्याला माणसं चालत नाहीत तोही हाच शब्द वापरतो. सुरुवात कचेरीतल्या एका निरोप समारंभात झाली होती. समोसा खाल्ला, भाषण चालू असताना हाताला खाज सुटली, आभारप्रदर्शनापर्यंत ओठ वांग्यासारखे सुजले. निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कला वाटलं, खिल्लारे आपल्या वियोगानं गहिवरलेत. मग चकली, मग बिस्किट, मग घरची साधी पोळी. शेवटी नांदेडच्या डॉक्टरनं त्याच्या हातावर सुईनं ओळीनं टोचे मारले, प्रत्येक टोच्यावर एकेका पदार्थाचा थेंब सोडला, आणि दोघंही शेतात काही उगवण्याची वाट बघावी तसे त्या हाताकडे बघत बसले. धूळ उगवली नाही. अंडं, शेंगदाणा, काही उगवलं नाही. गहू मात्र तरारून वर आला. "गहू बंद," डॉक्टर म्हणाला. "कणीक, मैदा, रवा, पाव, सगळं. पिठाच्या धुरळ्यात जाऊ नका. आणि हे गमतीवारी घेऊ नका. पुढच्या वेळी घसा आतून सुजला तर दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळंलच असं नाही." रविंद्रनं मान हलवली. त्याला मरणाची भीती वाटली, पण त्याच्या आत कुठंतरी तिच्याहून जास्त शरम वाटली, आणि शरमेचं औषध डॉक्टरनं लिहून दिलं नाही.

कारण गहू म्हणजे त्या घराची मजल होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर असताना चतुराबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, जाहीर करून टाकलं होतं की माझा रवी नोकरीला लागला की ह्या घरात रोज गव्हाची पोळी व्हईल, सणाची वाट बघनार न्हाई. नोकरी लागली, पहिला पगार झाला, आणि रविंद्रनं गव्हाचं पोतं घरी आणलं तेव्हा म्हातारीनं त्या पोत्याला हळदकुंकू लावायला घेतलं होतं. मग आठवण झाली की आता आपण ते करत नाही, म्हणून नुसता हात फिरवला. रविंद्रचं लग्न ठरलं तेव्हाही मुलीच्या शिक्षणाआधी तिनं विचारलं होतं, पोळी पातळ येते का? बायको होऊन आलेल्या संध्याच्या पोळीला पापुद्रे सुटत. आणि आता ह्या शरीरानं, एवढ्या खटपटीनं इथवर आणलेल्या शरीरानं, गव्हाचा अर्ज फेटाळला होता. चतुराबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गव्हाची बाधा? पोटभर न मिळाल्याची बाधा व्हती आपल्याला, मिळाल्याची न्हाई ऐकली कधी." आणि रात्री तिनं स्वतः त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी थापली. थापताना तिच्या हातांना जुनं काही सापडल्यासारखा वेग आला होता, आणि तोंडावर मात्र हरल्याचा भाव होता.

कचेरीत त्यानं एकदा खरं सांगून बघितलं. साहेबांनी पेढ्यांसोबत कचोरी पुढं केली, त्यानं कारण सांगितलं, आणि साहेब अगदी मोकळेपणानं, सगळ्यांसमोर हसले. "होणारच खिल्लारे. गव्हाची सवय तुमच्या लोकांच्या आतड्यांना कुठली? एका पिढीत होत नाही ते." साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना ते शास्त्र वाटलं होतं. त्या दिवसापासून रविंद्रनं ॲलर्जी हा शब्द तोंडातून काढला नाही. मग रोज नवं कारण काय द्यायचं, ही अडचण उभी राहिली. इतरांची सोय होती. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी. पंचांग उघडलं की एकेक उपवास हजर. रविंद्रनं हे सगळं बौद्ध दीक्षेत सोडून दिलेलं. त्याच्याकडे फक्त पौर्णिमा उरली होती, आणि कचोऱ्या काही पौर्णिमा बघून येत नसत. शेवटी त्यानं एक वाक्य पक्कं केलं: "आज पोट ठीक नाही." ते वाक्य कुठल्याही वारी चालायचं. डबा नेणंही त्यानं बंद केलं. घरून जेवून निघायचं, डब्यात भाकरी दिसायला नको. बघता बघता भूमी अभिलेख कार्यालयात त्याच्या पोटाची कीर्ती झाली. शिपाई त्याला ओव्याचा अर्क आणून देत. तालुक्याच्या सभेत कुणीतरी त्याच्यासाठी वेगळं ताक मागवलं. पोट बिचारं ठणठणीत होतं.

ह्या सगळ्यात एकाच माणसाशी खोटं बोलताना त्याला खुपत असे. अमरसिंग राठोड, तोही भूकरमापक, गोरेगावकडच्या बंजारा तांड्यावरचा, त्याच्याबरोबर एकाच महिन्यात नोकरीला लागलेला. दोघं कित्येक वर्षं एकत्र मोजणीची साखळी ओढत आले होते. मोजणीच्या गावात कुणी पाटील त्यांना ओसरीवर बसवी, कुणी बाहेरच. कुणी कपातून चहा देई, कुणी कप शोधायला आत जाई तो परत येतच नसे. मग दोघं उठून बाभळीखाली जाऊन बसत आणि डबे उघडत. कुणाच्या डब्यातलं कोण खातं याचा हिशेब नव्हता. अमरसिंग म्हणे, "खिल्लारे, ह्या गावाची हद्द मोजून झाली, आता माणसाची मोजू," आणि बायकोच्या, शकुंतलाबाईच्या हातच्या वांग्याची फोड त्याच्या पुढ्यात टाकी. चौऱ्याण्णव साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं असताना अमरसिंगच त्याला मोटारसायकलवर मागं बसवून मोजणीला नेत असे आणि रस्त्यानं उगाच मोठ्यानं गात असे. त्या बाभळीखाली आता अमरसिंग एकटा जेवत होता. रविंद्र नकाशा बघत बसे. दोन वर्षं अमरसिंगनं विचारलं नव्हतं. गिरणीतल्या त्या दिवसानंतरच्या आठवड्यात विचारलं.

औंढ्याच्या बाजूला दोन भावांच्या बांधाची मोजणी होती. भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते. अमरसिंगनं डबा उघडला, पुढं केला नाही, आणि डब्याकडे बघतच बोलला.

"खिल्लारे, एक इचारू? रागावू नका."

"विचारा की."

"आमच्या हातचं चालत न्हाई का आता?"

रविंद्रच्या हातात साखळीची कडी होती, ती त्यानं खाली ठेवली.

"न्हाई, आमच्या घरी गोष्ट आली म्हणून म्हनतो. शकुंतला मोंढ्याला चंदाबाईकडं भाजी घ्यायला गेली व्हती ना. शकुंतलेला म्हनली, तुमचे खिल्लारेसाहेब लई सोवळे झाले, जात्याचा दगड बी धुऊन घेतात. मी म्हनलं येडी हाय ती. पन मग बसून बराबर याद केलं. दोन साल झाले, तुमी माझ्या डब्याला हात लावला न्हाई. ऑफिसात कोनाच्याच न्हाई लावला, ती बात अलग. बाकीच्यांचं मला काही न्हाई. आपन दोघं कशे व्हतो?"

"राठोड, माझं पोट—"

"पोट!" अमरसिंग हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "मोटे झाले खिल्लारे, तब्बेत बघा तुमची. कोन म्हनंल पोट खराब हाय?"

आणि इथं, सांगून टाकायच्या नेमक्या क्षणी, रविंद्रला मास्तर आठवले. गावच्या शाळेचे मास्तर. भला माणूस, रामजीच्या घरी स्वतः चालत यायचे, बाजेवर बसायचे, रवीची पाटी बघायचे, पोराला शिकवा म्हणून रामजीची विनवणी करायचे. त्या काळात असा मास्तर म्हणजे देव. चतुराबाई लगबगीनं चहा टाकायची, गूळ जास्त घालायची, कान नसलेला कप घासून घासून पुसायची, आणि मास्तर खरोखरीच्या संकोचानं म्हणायचे, "नको बाई. आज पोट ठीक नाही." पुढच्या वेळी तेच. चार वर्षं तेच. मास्तर गेल्यावर चतुराबाई तो कप रवीला द्यायची आणि चुलीकडे तोंड करून म्हणायची, "इतका शिकलेला मानूस, पोटाला दवा काहून करत न्हाई?" रविंद्रचं शिक्षण आणि चहाची सवय, दोन्ही मास्तरांमुळेच लागली. मास्तरांचं वाक्य आपण शब्दाला शब्द उचललं आहे, हे त्याला बाभळीखाली कळलं. दोन वर्षं तो मास्तरांच्या आवाजात बोलत होता. आणि आता ॲलर्जी म्हणायचं? अमरसिंगच्या कानांना ती काय वाटणार? पोटाचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती. खरं इतक्या उशिरा निघालं होतं की ते हुबेहूब थापेसारखं दिसत होतं. कुणी सांगावं, त्याला वाटलं, मास्तरांनाही कदाचित खरोखरच चहा सोसत नसेल. हा विचार इतका भयंकर होता की त्यानं तो तिथंच सोडला.

"रविवारी तांड्यावर या," अमरसिंग डबा बंद करत म्हणाला. त्यानं काहीच खाल्लं नव्हतं. "बापाला भेटायचं हाय तुमाला. म्हातारा घडी घडी इचारून राहिला, तुझा दोस्त येत काहून न्हाई. जेवायला या. न्हाई आले तर मी पुन्हा इचारनार न्हाई. काय समजायचं ते समजून घेईन."

"येतो," रविंद्र म्हणाला. मग उठून दोन भावांमधली हद्द मोजली. ती वीतभर चुकली आणि पुन्हा मोजावी लागली.

घरी संध्यानं ऐकून घेतलं आणि हातातली परात आपटली. "सांगायला तोंड न्हाई का तुमाला? जीव जाईल आवो! एक फोन करा, म्हना, मला गहू सोसत न्हाई, भात लावा."

"फोन करून काय म्हणू? जेवायला येतो, पण तुमच्या घरचं हे नको, ते नको? तुला माहीत आहे हे वाक्य कोण कुणाला म्हणायचं."

"ते येगळं."

"ऐकणाऱ्याला वेगळं नसतं."

संध्यानं आपटलेली परात उचलली. "लोकाच्या मनाची हद्द मोजत बसा," ती म्हणाली, "सोताच्या गळ्याची न्हाई." पण रविवारी सकाळी तिनं गोळ्यांचं पाकीट त्याच्या खिशात घातलं आणि एक गोळी निघतानाच गिळायला लावली. चतुराबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, एखाद्या पोत्यावरून फिरवावा तसा.

गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये तो चालकाच्या शेजारी अर्धा आत, अर्धा बाहेर बसला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू ओंब्यांवर आला होता. इतक्या वर्षांत त्यानं गव्हाच्या शेतांची मोजणी केली होती, पण गहू असा बघितला नव्हता. वाऱ्यानं तो एका अंगावर पडे, पुन्हा उभा राही. त्याच्या मनात काही वैर दिसत नव्हतं. रविंद्रनं गणित मांडलं. एक पोळी, पोटात गोळी. खाज येईल, ओठ सुजतील, ते रुमालात लपेल. घसा सुजायच्या आत निरोप घ्यायचा. तांड्यापासून गोरेगाव जवळ, गोरेगावात डॉक्टर आहे. एवढ्यानं भागलं तर एक माणूस शिल्लक राहतो. त्याला जाणवलं की आपल्याला आयुष्यात असा दुसरा माणूस मिळालेला नाही आणि आता मिळवण्याइतकं वयही उरलेलं नाही. मरणाची कल्पना त्यानं करून बघितली; तीत त्याला स्वतः मेलेला दिसेना, फक्त साहेब दिसले, शोकसभेत आतड्यांविषयी बोलताना.

तांड्यावर लोक वाटच बघत होते. अमरसिंगचा बाप भीमसिंग लिंबाखालच्या बाजेवर बसला होता. पूर्वी त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवरून धान्य वाहिलं होतं, आता तो कापूस-तुरीचा शेतकरी होता, आणि त्याला नीट दिसत नव्हतं. त्यानं रविंद्रचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. "आला का बाबा," तो म्हणाला. "आमचा अमऱ्या म्हनायचा, खिल्लारे अन् मी. नोकरी म्हनली की खिल्लारे अन् मी. मी म्हनलं, बघू तर द्या कसा हाय." शकुंतलाबाई डोक्यावरचा पदर सावरून म्हणाल्या, "आमच्या घराचा रस्ता सापडला म्हनायचा भाऊजी." घरात लिंपलेल्या जमिनीवर एकच पाट मांडला होता. एकच ताट. अमरसिंग समोर भिंतीला टेकून बसला.

"तुम्ही?" रविंद्रनं विचारलं.

"पाव्हन्याचं आधी व्हऊ द्या. आमची पद्धत हाय."

पद्धत. रविंद्र बसला. अमरसिंगची सून मिना ताट घेऊन आली. कोंबडीचा रस्सा, कांदा, लिंबू, आणि पोळ्या. घडीच्या, मोठ्या, तुपानं चकचकणाऱ्या. संध्याच्यासारखे पापुद्रे नव्हते, कडा जाड होत्या, कुणीतरी सवय नसताना मन लावून लाटल्या होत्या. दारात दोन-तीन बायका उभ्या होत्या. भीमसिंग बाहेरून विचारत होता, "खाऊन राहिले का?" आणि अमरसिंग नुसता बघत होता. त्याच्या बघण्यात आग्रह नव्हता. मोजणी झाल्यावर शेवटची खूण बरोबर बसते की नाही हे बघतात तसं ते बघणं होतं. रविंद्रनं तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. दोन वर्षांनी गहू. आधी फक्त चव आली, आणि ती चव इतकी चांगली होती की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अमरसिंगच्या खांद्यातला ताठपणा सुटल्याचं त्याला दिसलं. "तिखट हाय का?" "नाही, बरोबर आहे." पहिली पोळी संपली तेव्हा टाळूला मुंग्या यायला लागल्या होत्या. मिनानं न विचारता दुसरी वाढली. नको म्हणायला त्यानं हात पुढं केला, आणि पुढं केलेला तो हात त्याला मास्तरांचा वाटला, कपासमोर आडवा धरलेला. त्यानं तो मागं घेतला. दुसरी पोळी त्यानं ओठ न जाणवता खाल्ली. कान तापले. मानेवर आणि काखेत आग उठली, कुणीतरी आतून खाजकुयली फिरवत असल्यासारखी. अमरसिंग आता मोकळा होऊन बोलत होता, जुन्या मोजण्या, जुने पाटील, "तुमाला याद हाय का खिल्लारे, त्या कप शोधायला गेलेल्याचं? अजून शोधून राहिला आसंल!" आणि रविंद्र हसायला गेला, पण हसू बाहेर यायला वाटच नव्हती. घशात एक ओला गोळा बसला होता. त्याला अमरसिंगचा आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा ऐकू येत होता, आणि त्या क्षणी त्याला सगळ्यात जास्त काय वाटलं असेल तर समाधान. आता ह्याला शंका घेता येणार नाही. मग श्वास आत जाताना शिटी वाजली.

"आजोबा," मिना बाहेरच्या भीमसिंगला ओरडली, "ह्यांचं तोंड काहून सुजून राहिलं?"

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी कळलं. कुणीतरी तोंडात पाणी ओतलं, ते बाहेर आलं. कुणी म्हणालं इंचू, कुणी म्हणालं नजर. शकुंतलाबाई रडत होत्या, "माझ्या हातानं काय झालं ग माय." त्यानं खिशातलं पाकीट काढून अमरसिंगच्या हातात कोंबलं आणि कसाबसा एक शब्द बाहेर ढकलला, "गहू." मग तांड्यावरची जीप, खड्डे, आभाळ, आणि आभाळाच्या मधोमध अमरसिंगचं तोंड, घामानं निथळणारं, शिव्या देणारं. गोरेगावच्या डॉक्टरनं आधी सुई टोचली आणि मग विचारलं काय खाल्लं. पुन्हा एक सुई. हळूहळू श्वासाची शिटी खाली उतरली. डॉक्टर रागावून म्हणाला, माहीत असून खाल्लं? हे जेवण आहे की आत्महत्या? संध्याकाळपर्यंत इथंच बसा, हलायचं नाही. आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला.

बाकावर दोघंच उरले. रविंद्रनं भिंतीला डोकं टेकलं. त्याच्या डोळ्यांच्या चिरा झाल्या होत्या. बोलता येत होतं पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. त्यानं सगळं सांगितलं. नांदेडच्या डॉक्टरचे टोचे, साहेबांची कचोरी, गिरणी, मास्तर. अमरसिंग ऐकत राहिला. मध्येच त्यानं रविंद्रच्या मांडीवर एक जोरात फटका मारला.

"येडे हाय का तुमी? मला सांगायचं न्हाई व्हय? साहेब हसला म्हनून मी बी हसनार व्हतो?"

"तुम्ही विचारलंत, आमच्या हातचं चालत नाही का."

"मी इचारलं, तर जीव द्यायचा व्हय?" अमरसिंगचा आवाज फुटला. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला, डोळे बाहीनं पुसले. "म्हाताऱ्याला काय सांगनार व्हतो मी? शकुंतलेला काय सांगनार व्हतो?" मग तो पुन्हा बाकावर, कुटुंबकल्याणाच्या तक्त्यासमोर येऊन बसला. रविंद्रला हलकं वाटत होतं, फार वर्षांनी हलकं. आपण काहीतरी मोठं केलं, एक जुनं खातं आपल्या रक्तानं बंद केलं, असं काहीसं त्याच्या सुजलेल्या डोक्यात येत होतं, आणि त्याला ते शब्दांत नीट बसवायचं होतं.

अमरसिंगच्या पोटात गुरगुरलं. सकाळपासून तो उपाशीच होता. जीप निघताना शकुंतलाबाईंनी घाईनं बांधून जीपमध्ये टाकलेलं फडकं त्यानं बाकावर उघडलं. आत भाकरी होत्या, ज्वारीच्या, आणि वर मिरचीचा ठेचा.

रविंद्र त्या भाकरींकडे बघत राहिला. "पोळ्या संपल्या?" त्यानं विचारलं.

"कसल्या पोळ्या?" अमरसिंग घास मोडत म्हणाला. "तांड्यावर कोन पोळ्या खातंय? गहू घरात नव्हताच. तुमी येनार म्हनून काल शकुंतला शेजारून मागून घेऊन आली. तुमच्यापुरत्याच केल्त्या. आमच्या समद्यांचं जेवन हेच व्हतं."